ब्रँडी स्टेशन, ९ जून १८६३: टेकडी मोकळी होती, तरी ग्रेगच्या हाती का लागली नाही?

नकाशेवाला

अमेरिकेच्या यादवी युद्धातली घोडदळाची सर्वात मोठी लढाई म्हणजे ब्रँडी स्टेशन. व्हर्जिनिया राज्यातला कल्पेपर परगणा, रॅपहॅनक नदीचा दक्षिण काठ. उत्तरेच्या प्लेझंटनकडे सुमारे ८,००० स्वार आणि ३,००० पायदळ, दक्षिणेच्या जेब स्टुअर्टकडे सुमारे ९,५००. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत जवळजवळ चौदा तास लढाई चालली. एवढं कुठेही वाचायला मिळतं.

मी अडलोय ते सकाळी अकराच्या आसपासच्या अर्ध्या तासावर. उत्तरेचा डेव्हिड ग्रेग आपलं दळ घेऊन थेट स्टुअर्टच्या पिछाडीला निघाला. समोर फ्लीटवुड हिल, म्हणजे स्टुअर्टचं मुख्य ठाणं. वर कोण? एक मेजर, दोन-चार जासूद आणि एक तोफ. स्टुअर्टची सगळी फौज दीड-दोन मैल लांब सेंट जेम्स चर्चपाशी उत्तरेच्याच ब्युफर्डच्या दळाशी झुंजण्यात गुंतलेली. तरीही टेकडी ग्रेगच्या हाती टिकली नाही.

माझ्या शंका:
१. एका तोफेपुढे अख्खी ब्रिगेड थांबली कशी?
२. ग्रेगच्याच दळातली डफिएची डिव्हिजन त्या वेळी कुठे होती?
३. 'दक्षिणेचं घोडदळ घोड्यांमुळे खचलं' असं म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

हडपसरच्या लढाईशी (२५ ऑक्टोबर १८०२) तुलना करायचा मोह आवरा, त्याला वेगळा धागा काढू.

बिनीचा स्वार

आधी दुसरी शंका घेतो, पहिलीचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

उत्तरेच्या फौजेचा सेनापती हूकर, त्याला वाटत होतं की स्टुअर्ट कल्पेपर गावाजवळ आहे. सगळा बेत त्यावर बेतलेला. ब्युफर्डने वरच्या बाजूला बेव्हर्ली उतारावरून नदी ओलांडायची, ग्रेगने खालच्या बाजूला केली उतारावरून, दोघांनी ब्रँडी स्टेशनपाशी एकत्र यायचं आणि मग मिळून कल्पेपरवर जायचं. प्रत्यक्षात स्टुअर्टच्या पाचही ब्रिगेडी नदीच्या बऱ्याच जवळ पसरलेल्या होत्या, कारण ९ तारखेला सकाळी तोच नदी ओलांडून उत्तरेकडे निघणार होता. भेटीची जागा म्हणून ठरवलेलं स्टेशन शत्रूच्या छावणीच्या मधोमध निघालं. ब्युफर्डला नदीपलीकडे पाऊल टाकताच लढाई लागली, आणि ग्रेगला भेटायला तो पोचणार कुठून?

पहाटे साडेचारच्या सुमाराला धुक्यातून ग्राइम्स डेव्हिसची ब्रिगेड बेव्हर्ली उताराने पार झाली. स्टुअर्टकडच्या जोन्सच्या ब्रिगेडचे लोक झोपेतून उठून, कुणी खोगिराशिवाय, तसेच धावले. घोडेस्वार तोफखाना उताराच्या इतका जवळ मुक्कामाला होता की थोडक्यात वाचला. डेव्हिस तिथेच पडला आणि बिनीचा जोर ओसरला. मग दक्षिणेच्या तोफा सेंट जेम्स चर्चपाशी ओळीने उभ्या राहिल्या आणि ब्युफर्ड तिथे अडला.

केली उतारावर खरा घोळ झाला. सर्वात पुढे डफिएची डिव्हिजन असायला हवी होती, पण ती रात्री वाट चुकली. तिच्यासाठी थांबण्यात ग्रेगचे दोन-तीन तास गेले. पहाटे पार व्हायचं ते लोक उन्हं वर आल्यावर पार झाले. पुढे स्टेशनच्या सरळ रस्त्यावर रॉबर्टसनची ब्रिगेड उभी दिसली, म्हणून ग्रेगने दक्षिणेकडून वळसा घेतला. रॉबर्टसनने शत्रू बगलेतून जातोय असे निरोप धाडले, पण जागचा हलला नाही. स्टुअर्टने पुढे त्याला याबद्दल माफ केलं असं दिसत नाही.

डफिए सुमारे १,९०० स्वार घेऊन स्टीव्हन्सबर्गकडे डाव्या बगलेच्या राखणीला गेला. समोर फक्त दोन रिसाले होते, दुसरा साउथ कॅरोलिना आणि चौथा व्हर्जिनिया. त्यांना त्याने मागे रेटलं, पण सावकाश. त्याच झटापटीत एकाच गोळ्याने कर्नल बटलरचा पाय गेला आणि कॅप्टन फार्ली मारला गेला. स्टुअर्टच्या एका ब्रिगेडचा प्रमुख वेड हॅम्प्टन, त्याचा भाऊ फ्रँक तिथेच प्राणघातक जखमी झाला. मग ग्रेगचा निरोप आला की ब्रँडी स्टेशनला या. डफिए सरळ पुढच्या रस्त्याने न जाता आल्या वाटेने मागे फिरला आणि मदतीला आला तेव्हा टेकडीचा निकाल लागून गेला होता.

एक हिशोब नकाशावर ताडून पाहा. चौघांच्या रांगा करून चालणाऱ्या घोडदळात एका रांगेला साधारण चार यार्ड लागतात. २,००० स्वार म्हणजे ५०० रांगा, म्हणजे २,००० यार्ड, मैलाहून जास्त. दुडकीचा वेग ताशी आठ मैल धरला तर मिनिटाला २३५ यार्ड. म्हणजे ग्रेगच्या दळाचं डोकं टेकडीखाली पोचलं तेव्हा शेपूट आठ-नऊ मिनिटं मागे. तेही कुठे ओढा, कुंपण, अरुंद वाट आडवी आली नाही तर, आणि त्या मुलखात ही तिन्ही होती. नकाशावर ठोकळा पोचला म्हणजे फौज पोचली असं धरून आपण फसतो.

गोलंदाज

एका तोफेबद्दल. टेकडीवरचा मेजर म्हणजे हेन्री मॅक्लेलन, स्टुअर्टचा अ‍ॅडज्युटंट (हुकूम-कागदपत्रं सांभाळणारा अधिकारी). (उत्तरेचा प्रसिद्ध सेनापती जॉर्ज मॅक्लेलन याचा चुलतभाऊ. घोडदळाचं मॅक्लेलन खोगीर त्या जॉर्जचं.) स्टुअर्टचे तंबू सकाळीच आवरून सामान पुढे रवाना झालेलं. लेफ्टनंट कार्टरची एक ६ पौंडी तोफ तेवढी टेकडीच्या पायथ्याशी होती, आणि ती तिथे का होती ते महत्त्वाचं: सकाळच्या लढाईत दारूगोळा संपत आला म्हणून मागे काढली होती. पेटीत उरले होते थोडे सदोष बाँबगोळे आणि काही भरीव गोळे. छर्ऱ्यांचा डबा, जो जवळ आलेल्या घोडदळावर चालतो, तो नाही.

मॅक्लेलनने ती वर चढवली आणि सावकाश मारा करायला लावला. घाईने मारली असती तर पेटी लगेच रिकामी होऊन सोंग उघडं पडलं असतं. संथ, मोजून मारलेली तोफ खालून पाहणाऱ्याला वेगळंच सांगते: वर बॅटरी (तोफांची अख्खी तुकडी) आहे, निवांत आहे, म्हणजे मागे फौजही असणार. याला आपण हूल म्हणतो, आणि ही अव्वल दर्जाची हूल होती.

ग्रेगची आघाडीची ब्रिगेड विंडहॅमची. त्याला दोष देण्याआधी त्याच्या जागी उभं राहून बघा. स्वार चढावर वर चाललेत, टेकडीपलीकडचं काहीच दिसत नाही. जिथे तोफ तिथे तिला राखणारी फौज, हा कुठल्याही सैन्यातला नियम. म्हणून त्याने स्वतःच्या तोफा पुढे आणवल्या आणि लोकांच्या रांगा बांधल्या. कवायतीच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण घोड्यांना जोडलेली तोफ सोडवायची, वळवायची, पेटी मागे न्यायची, पल्ला बांधायचा, यात मिनिटं जातात, आणि मॅक्लेलनला मिनिटंच हवी होती. त्याचे जासूद तोवर स्टुअर्टकडे पोचत होते. पहिल्यावर तर स्टुअर्टचा विश्वासही बसला नाही.

कार्टरचा शेवटचा गोळा सुटला, तोफ मागे निघाली, तेव्हा विंडहॅमचे स्वार माथ्यापासून पन्नास यार्डांवर होते. त्याच क्षणी पलीकडून बारावा व्हर्जिनिया रिसाला माथ्यावर पोचला. चौघांच्या रांगेत, लांबलचक विखुरलेला, रांग धरायला सवड नाही. तो तसाच भिडला आणि उधळला गेला. पाठोपाठ आलेल्या व्हाइटच्या पस्तिसाव्या बटालियनचंही तेच. पण या दोघांनी विंडहॅमची लाट मोडली. पहिल्या न्यू जर्सीचा ब्रॉडरिक पडला, विंडहॅमच्या पायात गोळी गेली.

आता दुसरी बाजूही बघा. उत्तरेच्या कॅप्टन मार्टिनच्या बॅटरीच्या तीन तोफा टेकडीच्या पायथ्याशी पुढे काढल्या होत्या, राखणीला पुरेसे स्वार न ठेवता. घोडदळ वर भिडलेलं, तोफा उघड्या. व्हाइटचे लोक पुन्हा जुळून त्यांच्यावर आले. गोलंदाज पिस्तुलांनी आणि हाताला येईल त्याने लढले. ३६ जण लढाईत उतरले होते, त्यातले ६ सुखरूप निघाले. तिन्ही तोफा गेल्या.

म्यान

वरचं सगळं मान्य, पण 'विंडहॅम दहा मिनिटं आधी चढला असता तर लढाई जिंकली असती' हे मला पटत नाही. माथा मिळणं वेगळं, टिकवणं वेगळं.

घोडदळाचा हल्ला ही एकदाच वापरायची गोष्ट. सुरुवात चालीने, मग दुडकी, मग चौखूर, आणि अगदी शेवटच्या पन्नास-साठ पावलांत मोकळा लगाम. आधीच घोडे सोडले तर रांग फुटते, चांगले घोडे पुढे आणि थकलेले मागे पडतात. भिडल्यानंतर, जिंकलात तरी, रांग राहत नाही. लोक पांगलेले, घोडे धापा टाकत, पिस्तुलं रिकामी. त्या क्षणी ताजा शंभर-दीडशे स्वारांचा गट जरी अंगावर आला, तरी जिंकलेला रिसाला पळत सुटतो. म्हणून निम्मी माणसं राखीव ठेवायची आणि पुढचे परत जुळेपर्यंत त्यांनी आघाडी धरायची, हा मुख्य धडा.

फ्लीटवुडवर दोन्ही बाजूंनी हाच धडा मोडला. जोन्सचे रिसाले एकेक करून आले नि एकेक करून मार खाल्ला. ग्रेगकडेही डफिए नसल्याने हाताशी दोनच ब्रिगेडी, विंडहॅम आणि किलपॅट्रिक. किलपॅट्रिकने दहावा न्यूयॉर्क घातला, तो फुटला. दुसरा न्यूयॉर्क घातला, तोही फुटला. पहिल्या मेन रिसाल्याने मात्र टेकडी पार करून पलीकडे धडक मारली, पण पाठीशी कोणी नव्हतं म्हणून त्यांना वळसा घेऊन परतावं लागलं. याउलट हॅम्प्टनची ब्रिगेड चर्चकडून आली ती रांगा बांधून, एका दमात. निकाल तिथे लागला.

पिस्तुलाचं थोडं जवळून बघू, म्हणजे 'राखीव' का लागते ते कळेल. कोल्टचं १८६० चं .४४ पिस्तूल, सहा घरांचं. प्रत्येक घरात कागदी काडतूस घालायचं, नळीखालच्या दांडीने दाबून बसवायचं, आणि मागच्या टोकावर बोटाच्या चिमटीने तांब्याची टोपी चढवायची. हे सहा वेळा. जमिनीवर शांत बसून करायचं काम आहे ते, नाचणाऱ्या घोड्यावर टोप्या हातातून गळतात. म्हणजे एका झटापटीत माणसाला सहा गोळ्या, दोन पिस्तुलं असतील तर बारा, आणि मग तलवार. तलवारीलाही पातं घासणाऱ्या लोखंडी म्यानाचा शाप, धार टिकत नाही. म्हणून कापण्यापेक्षा भोसकण्यावर भर.

उत्तरेकडच्या शार्प्स कार्बाइनने (घोडदळाची आखूड बंदूक) त्या दिवशी फरक पाडला, पण तो पायउतार होऊन लढताना. मागून भरायची, ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढली की ठोकळा उतरतो, काडतूस घालायचं, कडी वर, टोपी लावायची. मिनिटाला आठ-दहा गोळ्या, आणि आडवं पडूनही भरता येते. नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीला उभं राहावं लागतं आणि मिनिटाला तीन झाल्या तरी पुष्कळ. पायउतार व्हायचं तर दर चौथा माणूस घोडे धरून मागे राहतो, म्हणजे ४०० च्या रिसाल्यातून ३०० बंदुका. नकाशावर संख्या लिहिताना ही पाव वजाबाकी करायला विसरू नका.

जाता जाता: सहाव्या पेनसिल्व्हेनिया रिसाल्याने सेंट जेम्स चर्चच्या तोफांवर सुमारे ८०० यार्ड उघड्या मैदानातून धडक मारली. हा रिसाला काही आठवड्यांपूर्वीपर्यंत चक्क नऊ फुटी भाले घेऊन फिरत होता, दाट झाडीच्या मुलखात! आता गणित करा. दुडकी आणि चौखूर मिळून ८०० यार्डांना सुमारे तीन मिनिटं. तोफ मिनिटाला दोनदा सुटते. शेवटच्या टप्प्यात छर्ऱ्यांचा डबा, एकेका डब्यात २७ लोखंडी गोळ्या. तरी ते तोफांच्या ओळीपर्यंत पोचले. मेजर मॉरिस घोडा चरावरून उडवताना घोड्यासकट पडून कैद झाला. असं म्हटलं की शौर्याचंच कौतुक होतं. माझ्या मते ती चूक होती, पाठीशी दुसरी लाट नव्हती.

खरारा

तिसरी शंका माझ्या विषयातली. मराठी वाचकाला हे दोन शब्दांत समजावं: उत्तरेचे स्वार बारगीर, दक्षिणेचे शिलेदार.

उत्तरेत घोडा सरकारचा. मेला, लंगडला, तर डेपोतून दुसरा. दक्षिणेत स्वार स्वतःचा घोडा घेऊन भरती होई. सरकार त्याला दिवसाला ४० सेंट भाडं देई, शिवाय दाणावैरण, नाल. घोडा लढाईत मारला गेला तर भरतीच्या वेळी ठरवलेली किंमत मिळे. पण रोगाने मेला, थकून गेला, शत्रूच्या हाती लागला, तर काही नाही. त्यातही किंमत ठरली ती भरतीच्या दिवशी, आणि १८६३ पर्यंत कागदी नोटांचं मोल इतकं घसरलं होतं की त्या पैशात नवा घोडा येत नव्हता. बिनघोड्याचा स्वार रजा घेऊन घरी जाई, घोडा मिळवून परत येई किंवा येत नसे. व्हर्जिनियाचा माणूस काही आठवड्यांत परते, साउथ कॅरोलिनाच्या माणसाला किती लागत असतील त्याचा अंदाज करा. अशा घोड्याविना लोकांच्या तुकडीला गमतीने 'कंपनी क्यू' म्हणत.

आपल्याकडे शिलेदारांबद्दल जी तक्रार होती तीच इथे: घोडा गेला तर पोट गेलं, म्हणून माणूस घोड्याला जपतो. फायदाही तोच, स्वतःच्या जनावराची निगा माणूस नीट राखतो आणि त्याच्यावर लहानपणापासून बसलेला असतो. युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत दक्षिणेचं घोडदळ वरचढ ठरलं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा. मग तोच फायदा उलटला, कारण दक्षिणेत घोड्यांचा साठा आटत गेला, आणि उत्तरेने जुलै १८६३ मध्ये घोडदळासाठी स्वतंत्र खातं काढून वॉशिंग्टनजवळ गीझबरोला मोठा डेपो उभारला.

दाण्याचा आकडा सांगतो. उत्तरेचा नियम घोड्याला रोज १४ पौंड गवत आणि १२ पौंड धान्य, म्हणजे जवळपास १२ किलो. ८,००० घोड्यांना रोज २,०८,००० पौंड, सुमारे ९४ टन. एवढं गाड्यांतून येणार, आणि त्या गाड्या ओढणारी खेचरंही खाणार. लढाईच्या आधी लागोपाठ दोन-तीन दिवस धान्यच मिळालं, गवत नाही, तर पोटशूळ. नुसतं गवत मिळालं तर चौखूर धावताना दम टिकत नाही. ओल्या छावणीत खूर सडतात. दिवसभर खोगीर न काढल्याने पाठ सोलून निघते. पाठ फाटलेल्या घोड्याला महिनाभर विश्रांती द्यावी लागते, म्हणजे तो स्वार महिनाभर पायदळ.

आता स्टुअर्टने काय केलं? ५ जूनला मोठं संचलन, वर लुटुपुटूची लढाई, तोफा, भरधाव धावणं. ८ जूनला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली आल्यावर पुन्हा संचलन, फक्त लुटुपुटूची लढाई वगळून. आणि ९ ला पहाटे खरी लढाई. ज्याच्या पागेत घोडा हीच सर्वात दुर्मीळ चीज, त्याने चार दिवसांत दोनदा दिखाव्यासाठी ती खर्च केली. याला मी बेफिकिरी म्हणतो.

नकाशेवाला

सगळ्यांचे आभार. ठोकळे पुसून आता चौघांच्या रांगा काढायला घेतल्यात.

एक राहिलं. ग्रेग पिछाडीला आल्यावर स्टुअर्टने जोन्स आणि हॅम्प्टनला चर्चवरून उचललं. मग तिथे ब्युफर्डसमोर मैदान मोकळं झालं असणार. त्याने का रेटलं नाही? आणि शेवटी 'जिंकलं कोण' याचं उत्तर काय लिहू?

बिनीचा स्वार

ब्युफर्ड रेटत होता, पण उजवीकडे. रूनी ली (सेनापती लीचा मुलगा) याची ब्रिगेड दगडी कुंपणामागून यू रिजच्या बाजूला त्याला धरून होती. तिथे रूनी ली स्वतः मांडीत गोळी लागून पडला. मधल्या मोकळ्या जागेतून लोटायचं काम प्लेझंटनचं होतं. दोन्ही दळांचा एकच सेनापती तो, आणि त्याच्याकडे ताजं पायदळही होतं. त्याने ते केलं नाही. या लढाईतली सर्वात मोठी चूक मी विंडहॅमच्या नाही, प्लेझंटनच्या खात्यावर लिहीन.

'जिंकलं कोण' यात मैदान स्टुअर्टकडे राहिलं, हे स्पष्ट लिहा. उत्तरेचे ९०७ गेले: ६९ ठार, ३५२ जखमी, ४८६ बेपत्ता, त्यातले बहुतेक कैदी. दक्षिणेचे ५२३. हूकरने हुकूम दिला होता स्टुअर्टचं दळ उद्ध्वस्त करायचा, ते झालं नाही. लीचं पायदळ कल्पेपरच्या आसपास जमलेलं होतं, त्याचाही नीट पत्ता लागला नाही. पण दक्षिणेचं घोडदळ बेसावध पकडलं गेलं, आणि दिवसभर बरोबरीने लढणारा शत्रू त्याने पहिल्यांदा पाहिला. रिचमंडच्या वर्तमानपत्रांनी स्टुअर्टला फाडून खाल्लं.

पोटोमॅककाठ

इकडे राहणाऱ्यांसाठी: जून २०२४ मध्ये कल्पेपर बॅटलफिल्ड्स स्टेट पार्क सुरू झालं, फ्लीटवुड हिल त्यात आहे. टेकडीच्या माथ्यावर पूर्वी खासगी बंगला होता, तो जमीन विकत घेऊन पाडला, त्यामुळे आता वरून दक्षिणेकडे, विंडहॅम ज्या चढाने आला तो उतार, मोकळा दिसतो. आधी खालून वर चालत या. चढ सौम्य आहे, पण माथ्यापलीकडचं शेवटच्या काही पावलांपर्यंत खरंच दिसत नाही. मग वरून सेंट जेम्स चर्चच्या दिशेला बघा. मधे सपाट शेतं आहेत, म्हणून बारावा व्हर्जिनिया इतक्या लवकर पोचू शकला.

गावातलं ग्राफिटी हाउसही बघा, भिंतींवर दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी कोळशाने-पेन्सिलीने केलेल्या सह्या आणि चित्रं आहेत. बेव्हर्ली फोर्ड रस्ता विमानतळाला लागून जातो, तिकडून जाताना गाडीचा वेग कमी ठेवा, फलक चुकतात. जून-जुलैत गेलात तर लांब पँट घाला. उंच गवतात गोचिड्या भरपूर असतात.